फियास्को: सीन मांडायचा की मिटवायचा?

दोन अंक, मध्ये मध्यंतर, आणि प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला मोजून चार सीन. एवढं कळल्यावर मी ‘फियास्को’ हा खेळ लगेच घेतला. माझा धंदाच सीनचा आहे. मी मराठी मालिकांचे संवाद लिहिते. सकाळी फोनवर सीनची यादी येते: कोण कुठे आहे, कुणाला काय कळतं, सीन कशावर तुटतो. संध्याकाळपर्यंत पानं द्यायची. त्यामुळे कुठलाही रोलप्लेइंग खेळ हातात आला की मी आधी बघते, यात सीन उघडतं कोण आणि बंद करतं कोण. नियमांच्या जाडजूड पुस्तकांतही याचं उत्तर बरेचदा दोन ओळींत उरकलेलं असतं. फियास्कोत अख्खा खेळच त्या उत्तरावर उभा आहे.

हा प्रकार कधी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि बोलत बोलत सगळे मिळून गोष्ट घडवतात. पुढे काय होईल याची खात्री नसते तिथे फासे टाकतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला आणि तिथून हे सगळं रुजलं. त्यात एक जण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम असतो. जग त्याचं, इतर पात्रं त्याची, आणि आता कुठे जायचं हेही बहुतेक तोच ठरवतो. आजच्या नियमांत लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते. छोटी विश्रांती तासाभराची, मोठी आठ तासांची. तलवारीच्या घावाला माप आहे, झोपेला माप आहे. पण दोन माणसं नुसती बोलायला लागली की हातात काहीच माप उरत नाही. सराईच्या मालकाशी सुरू झालेलं बोलणं कधी आवरायचं हे डीएमच्या अंदाजावर, आणि डीएम भिडस्त असला तर रविवारची दुपार त्या सराईतच संपते. मी याला खेळाचा दोष म्हणणार नाही. तो मोहिमेसाठी आणि लढाईसाठी बांधला आहे आणि ते काम तो चोख करतो. पण मला माणसांचे सीन हवे होते.

पुढच्या काही खेळांनी ही जागा ओळखली. १९९१ च्या व्हॅम्पायरमध्ये बऱ्याच शक्तींचा असर एका सीनपुरता टिकतो, म्हणजे घड्याळ बाजूला पडून सीन हेच काळाचं माप झालं. बेन रॉबिन्स यांच्या २०११ च्या मायक्रोस्कोपमध्ये सीन उघडण्याआधी एक प्रश्न मांडावा लागतो, उदाहरणार्थ राजाने स्वतःच्या भावाला का पकडून दिलं, आणि उत्तर सापडलं की सीन संपला. ही कल्पना मला फार आवडते. पण मायक्रोस्कोप हा इतिहास रचायचा खेळ आहे, त्यात एकाच पात्राला धरून शेवटपर्यंत जाता येत नाही. फियास्कोत जाता येतं.

जेसन मॉर्निंगस्टार यांनी रचलेला आणि बुली पल्पिट गेम्सने २००९ साली काढलेला हा खेळ तीन ते पाच जणांचा आहे. २०११ साली त्याला खेळांच्या क्षेत्रातला डायना जोन्स पुरस्कार मिळाला. डीएम नाही, घरून तयारी करून यायचं नाही. गोष्टी सगळ्या एका जातीच्या: साध्यासुध्या माणसांना न झेपणारी हाव सुटते आणि सगळं हातचं जातं. लागतात ते साधे सहा बाजूंचे फासे, दर खेळाडूमागे दोन पांढरे आणि दोन काळे. आम्ही ते दादरला रानडे रोडवरच्या एका खेळण्यांच्या दुकानातून घेतले. काळे मिळाले नाहीत म्हणून लाल घेतले. काही अडत नाही, पुढे मी लालच म्हणेन.

सुरुवातीला सगळे फासे टाकायचे आणि पडलेले आकडे खर्च करत यादीतून निवड करायची. खेळाच्या भाषेत या याद्यांच्या संचाला प्लेसेट म्हणतात. त्यात नाती, गरजा, वस्तू आणि जागा अशा चार याद्या असतात, प्रत्येकीत सहा गट, प्रत्येक गटात सहा ओळी. एकूण १४४ ओळी. तुमचं उजव्या शेजाऱ्याशी एक नातं ठरतं, डाव्याशी दुसरं, आणि प्रत्येक नात्याला एक गरज, वस्तू किंवा जागा चिकटते. तुमचं पात्र कोण, त्याचं वय काय, नाव काय, हे त्यानंतर. नातं आधी आणि माणूस मागून, हा या खेळातला सगळ्यात शहाणा निर्णय आहे. दोन पात्रांमध्ये काही अडकलेलंच नसेल तर मी कितीही चुरचुरीत संवाद लिहिले तरी तो सीन बसकण मारतो, हे मी रोज बघते. इथे पहिला सीन उघडण्याआधीच टेबलावर शेजारी बसलेल्या प्रत्येक दोघांमध्ये काहीतरी अडकलेलं असतं.

मग पाळी येते आणि एकच प्रश्न असतो. आमच्या टेबलावर आम्ही तो ‘मांडू की मिटवू?’ असा विचारतो. मांडलंत तर सीन तुमचा: कुठे, कधी, कोण हजर, तुम्हाला काय हवंय, सगळं तुम्ही सांगायचं. पण त्याचा शेवट तुमच्या पात्रासाठी चांगला की वाईट हे बाकीचे ठरवणार, टेबलावरच्या मधल्या ढिगातला पांढरा किंवा लाल फासा तुमच्यापुढे सरकवून. मिटवायचं म्हटलंत तर उलट. बाकीचे तुमच्यासाठी सीन मांडतील, तुम्हाला नको त्या ठिकाणी नको त्या माणसासमोर उभं करतील, पण फासा तुम्ही निवडायचा. सुरुवात आणि शेवट दोन्ही एकाच हातात कधीच येत नाहीत. नियम एवढाच आहे आणि त्यातून काय काय निघतं ते प्रत्यक्ष सीनमध्ये दाखवल्याशिवाय पटणार नाही.

आम्ही गोखले रोडला माझ्या मामेभावाच्या घरी बसतो. तो बँकेत आहे. डोंबिवलीहून एक मैत्रीण येते, ती वकिली करते. चौथ्या, समोरच्या ब्लॉकमधल्या काकू, निवृत्त शिक्षिका, ज्यांनी याआधी असं काही पाहिलंही नव्हतं. पुस्तकातले प्लेसेट अमेरिकी वळणाचे आहेत: दक्षिणेतलं छोटं गाव, वेस्टर्न सिनेमात असतं तसं वसवलेलं गाव, तिथलं उपनगर, आणि एक अंटार्क्टिकावरच्या संशोधन केंद्रातला. तो बर्फातला आम्हाला आवडला, पण बाकीच्यांत पिस्तूल आणि पिकअप ट्रक यांच्याशी आमचं काही जुळेना. म्हणून आम्ही आमचा लिहिला. लालबागमधली चाळ, पुनर्विकासाची बोलणी चालू. नात्यांत मावशी-भाचा, पोटभाडेकरू आणि मूळ भाडेकरू, मंडळाचा खजिनदार आणि त्याने घडवलेला कार्यकर्ता. वस्तूंमध्ये वर्गणीची पावतीपुस्तकं, माळ्यावरची लोखंडी पेटी, कोरं संमतीपत्र. जागांमध्ये गच्चीवरची टाकी, जिन्याखालचं मंडळाचं ऑफिस, ट्रान्झिट कॅम्पातली रिकामी खोली.

मामेभाऊ बाळा झाला, मी त्याची सुमनमावशी. त्याने मांडायचं ठरवलं आणि म्हणाला: “आजोबांचं तेरावं आटोपलंय. दुपारचे तीन. बायका भांडी आवरतायत, पुरुष गॅलरीत पान लावतायत. मी मावशीला आतल्या खोलीत गाठतो. मला माळ्यावरच्या पेटीची चावी हवी. त्यात भाडेपावत्या आहेत.” पागडीच्या खोलीत भाडेपावती कुणाच्या नावावर आहे यावर नव्या इमारतीतलं घर कुणाला हे ठरतं, त्यामुळे काय पणाला लागलंय हे टेबलावरच्या प्रत्येकाला तत्काळ कळलं. सहा वाक्यांत वेळ, जागा, कोण जवळ आहे, कोण ऐकू शकतं आणि कुणाला काय हवंय, सगळं आलं. मी पगार घेऊन लिहिते त्या यादीतही इतकं नेमकं क्वचित येतं.

“मावशी, चावी दे. पावत्या बघून ठेवतो.”

“जेवलास का तू?”

“जेवलो. चावी?”

“मठ्ठा नाही घेतलास.”

इथे मैत्रिणीने काकूंकडे बघितलं, काकूंनी मान हलवली, आणि लाल फासा मामेभावापुढे आला. बाळाचं वाईट होणार हे आता ठरलं. कसं, ते मलाही माहीत नव्हतं. फासा नसता तर मी चावी नाकारली असती. मावशी हट्टी, भाचा हिरमुसला, सीन संपला. मालिकेत मी हेच लिहिलं असतं आणि चॅनेलने ते हसत पास केलं असतं. पण लाल फासा समोर असताना नुसता नकार फार थोडा वाटला. मी पदराची गाठ सोडून चावी त्याच्या तळहातावर ठेवली. “घे. उघड. गेल्या दिवाळीपासून पावती ना तुझ्या बापाच्या नावावर आहे, ना माझ्या. आजोबांनी ती नानांच्या नावावर करून दिली.” नाना म्हणजे मंडळाचे खजिनदार, ते पात्र काकूंचं. जे मागितलं ते मिळालं आणि त्यातच तो बुडाला. काकूंनी तोंडावर हात ठेवला, कारण नानांनी असं काही केलंय हे त्यांनाही तेव्हाच कळलं.

फासा सीनच्या मध्यात येतो, शेवटी नाही, ही बारीकशी गोष्ट मला अमोल वाटते. शेवट आधी माहीत असल्यामुळे दोघंही जिंकण्यासाठी भांडत बसत नाहीत. दोघंही मिळून त्या शेवटाकडे जायची चांगली वाट शोधतात.

पुढच्या पाळीला काकूंनी मिटवायचं म्हटलं. मैत्रिणीने सीन मांडला: बिल्डरचं ऑफिस, नानांपुढे संमतीपत्र, आणि काचेच्या दारापलीकडे बाकावर बाळा बसलेला, सगळं दिसणारा पण काही ऐकू न येणारा. काकूंनी खूप वेळ घेतला. मग पांढरा फासा उचलला, सही केली आणि बाहेर येऊन बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. एक शब्द बोलल्या नाहीत. चाळीस वर्षं वर्गासमोर उभं राहिलेल्या माणसाला कुठे गप्प बसायचं ते कळतं.

आता फाशांचा दुसरा उपयोग. पहिल्या अंकात मिळालेला फासा स्वतःकडे ठेवता येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी द्यायचा. दुसऱ्या अंकात मात्र तो तुमच्याकडेच राहतो. आणि खेळ संपताना प्रत्येक जण आपल्याकडचे फासे टाकतो, पांढऱ्यांची बेरीज आणि लालची बेरीज काढतो आणि मोठीतून लहान वजा करतो. फरक मोठा असेल तर पात्र तरतं. शून्याच्या आसपास आला तर त्याची पुरती वाट लागते. म्हणजे सगळे लाल जमले तरी चालतात, सरमिसळ वाईट. काकूंनी त्यांचा पांढरा फासा उचलून माझ्यापुढे ठेवला, जिथे आधीच एक लाल होता. सीन नानांसाठी चांगला गेला आणि त्याच चांगुलपणाने सुमनमावशीचं भविष्य बिघडवलं. या हिशेबाने गोष्टीवरून लक्ष उडतं अशी तक्रार मैत्रीण करते. मला तसं वाटत नाही. फासा कुणाला द्यायचा हे ठरवताना टेबलावरचा प्रत्येक जण क्षणभर गोष्टीबाहेर येऊन बघतो की ही कुठे चाललीय. पहिल्या अंकात ते हवंच असतं.

अर्धे फासे संपले की अंक संपला. चौघांत १६ फासे, म्हणजे आठ सीननंतर मध्यंतर. मराठी नाटक बघत वाढलेल्या माणसाला ही रचना शिकवावी लागत नाही. आम्ही वडे गरम करतो, चहा होतो, आणि मग ‘टिल्ट’ येतो: सगळ्यांनी फासे टाकायचे, पांढऱ्यात आणि लालमध्ये ज्यांचा फरक सगळ्यात जास्त त्या दोघांनी दुर्दैव, संशय, अपराधीपणा अशा गटांतून दोन गोष्टी निवडायच्या. त्या दुसऱ्या अंकात घडल्याच पाहिजेत. कधी त्या गोष्टीच्या अंगात अशा बसतात की आधीपासून तिथेच होत्या असं वाटतं. कधी ठिगळ दिसतं. एकदा आमच्या शांत, कुढणाऱ्या गोष्टीत आग लावायची वेळ आली आणि दोन सीन ती आग विझवण्यातच गेले. हा भाग मला खेळातला सगळ्यात कच्चा वाटतो. आम्ही आता यादीतल्या शब्दाला धरून, पण आपल्या गोष्टीच्या मापाचं काहीतरी ठरवतो.

दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे ढिगातले पांढरे फासे बहुधा आधी संपतात, कारण पहिल्या अंकात लोकांना एकमेकांची दया येते. मग उरतात नुसते लाल. सीन मांडणाऱ्याला, खेळणाऱ्यांना, सगळ्यांना माहीत असतं की हा वाईटच जाणार. अगदी शेवटचा एक फासा तेवढा कुठल्याही रंगाचा धरता येतो. त्या टप्प्यावरचे सीन छोटे होतात, बोलणं कमी होतं, आणि लोक आपल्या पात्राची पडझड स्वतः जपून, हौसेने घडवतात. मामेभावाने शेवटच्या सीनमध्ये बाळाला फक्त पेटी खाली उतरवताना दाखवलं. रिकामी पेटी, पण अजून जड.

मुंबईत खेळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. मैत्रिणीला दादरहून शेवटची कर्जत गाठायची असते. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या डावात आज कुठवर पोचू हे कुणी सांगू शकत नाही. इथे ढिगात किती फासे उरलेत ते मोजलं की किती सीन उरलेत ते कळतं, आणि त्या हिशेबाने आवरतं घेता येतं. तीन तासांत, मध्यंतर धरून, गोष्ट पुरी होते. पुढच्या शनिवारी कोण येणार नाही याची चिंता नाही, कारण पुढच्या शनिवारी नवी गोष्ट. पात्र वर्षभर वाढवत न्यायची ज्यांना आवड आहे त्यांना मात्र हा खेळ पुरा पडणार नाही, आणि त्यांनी तो तसा वापरूही नये.

उणिवाही सांगते. सीन मांडायचा अधिकार पुस्तक देतं, पण तो कसा मांडायचा याची मदत तोकडी आहे. बुजऱ्या माणसाची पाळी आली आणि टेबल त्याच्याकडे बघायला लागलं की तो गोठतो. आम्ही एक सवय लावून घेतली: मांडणाऱ्याने निदान “मला अमुककडून तमुक हवंय” एवढं एक वाक्य बोलायचं, बाकी जागा-वेळ इतरांनी भरायची. दुसरं, फासा दिल्यावर सीन नेमका कुठे तोडायचा हे नियम सांगत नाही आणि बोलकी माणसं ताणत राहतात. आमच्याकडे फासा आल्यावर कुणीही “ब्लॅकआउट” म्हणू शकतं, आणि म्हटलं की बोलणाऱ्याने थांबायचं. तिसरं, सीन बहुतेक दोघांचे होतात आणि बाकीचे दोघं बघे राहतात. त्यांनी किरकोळ पात्रं उचलावीत ही मोकळीक आहे, ती वापरायलाच हवी. बिल्डरच्या ऑफिसातला चहा आणणारा पोऱ्या मी केला होता. त्याने नानांना साखर किती विचारली आणि त्या प्रश्नाने सहीआधीची शांतता दुप्पट झाली.

आणि एक काळजी. ही गोष्ट माणसांच्या पडझडीची असते आणि प्लेसेट घरचा लिहिला की ती पडझड आपल्या ओळखीच्या घरांची होते. काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की लहान मुलांना काही झालेलं त्यांना चालणार नाही. आम्ही ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. खेळायच्या आधी असा प्रश्न सगळ्यांना विचारा, नवीन माणूस असेल तर नक्कीच.

घ्यायचाच असेल तर दोन रूपांत मिळतो. नंतरची पेटीबंद आवृत्ती फाशांऐवजी पत्त्यांवर चालते. याद्या वाचत बसावं लागत नाही, पत्ते वाटले की सुरुवात. ज्यांना खोका उघडून लगेच खेळायचंय आणि इंग्रजी संदर्भांची अडचण नाही त्यांच्यासाठी ती बरी. मी मात्र २००९ चं पुस्तकच सुचवेन, त्याचं पीडीएफ मिळतं. कारण त्यात प्लेसेट म्हणजे नुसती कागदावरची यादी आहे, आणि यादी कुणालाही लिहिता येते. आमची १४४ ओळींची चाळ वहीत लिहिताना काकूंनी एकट्याने वस्तूंची अर्धी यादी भरली. त्यांच्या गिरगावातल्या जुन्या घरातलं त्यांना जे जे आठवत होतं ते. आता काकू शाळेच्या स्टाफरूमवर एक प्लेसेट लिहितायत, नात्यांची यादी पुरी झाली आहे, आणि गरजांच्या यादीत पहिली ओळ आहे: ‘मुख्याध्यापकांच्या कपाटातला तो कागद परत मिळवायचा.’